उणे एक

फ्रिज हप्त्यावर मिळेना, तेव्हा कळलं
की या शहरात मी अजून घडलेच नाहीये.

भायखळ्याची शाखा, खिडकी क्रमांक चार.
मृण्मयी सापळे, असेल पंचवीस-सव्वीसची,
स्क्रीन अर्धा माझ्याकडे वळवते:
"मॅडम, तुमचा स्कोअर उणे एक."

माझे कान तापले.
आमच्याकडे उणं यायचं ते फक्त उणंदुणं काढताना,
आणि ते काम आत्याचं होतं.

"वाईट नाही हो," ती घाईघाईनं म्हणते,
"तीनशे ते नऊशेमध्ये माणसं असतात.
उणे एक म्हणजे नुसतं, इतिहास नाही."

इतिहास नाही.
आणि लगेच, आडनाव वाचून,
"नागावकर म्हणजे तुम्ही अलिबागकडच्या का?"

अलिबागकडचीच बाई.
पणजोबांचा घाणा होता नागावात.
लोक तीळ ओतून जायचे, मापही न बघता,
आणि शनिवारी बैल सोडलेला दिसला
की मुकाट रविवारी यायचे.
शनवार तेली म्हणत आम्हांला.
पत म्हणतात ती तिथं तेलासारखी मुरलेली होती,
कागदावर तिचा एक डागही नाही.
(तुमची बँक दुसऱ्या शनिवारी बंद असते.
तेवढंच आपलं नातं.)

बाबा बासष्ट साली गेले, दोन वर्षांत येतो सांगून.
मी आले, त्यांच्याऐवजी, सत्तावन्नाव्या वर्षी.
का आले, हा रकाना अर्जात नव्हता.

बेरशेबाच्या बँकेत अठरा वर्षं घराचा हप्ता भरला मी.
दर महिन्याच्या दहा तारखेला.
दोनशे सोळा हप्ते, त्यातला एकच उशिरा, चार दिवस.
उझी गेला होता. सात दिवस जमिनीवर बसायचं असतं,
आरसे झाकायचे असतात,
दहा तारीख तशीच दारावरून निघून गेली.
बँकेनं दंड लावला, अकरा शेकेल आणि काही आगोरोत.
मी भरला. पावती आहे.

"ते इथं दिसत नाही ना, मॅडम," मृण्मयी म्हणते,
"तिकडचं तिकडेच राहतं."

अहवालात माझं नाव शिप्रा झालंय.
शिफ्रा लिहिलं होतं मी, ठळक अक्षरांत.
"शिप्रा नदी आहे उज्जैनला," ती म्हणते, "छान नाव आहे."
छान आहे, पण माझं नाही.
तक्रार केली. तीस दिवस लागतील.
तोवर उणे एकसुद्धा दुसरीच्याच नावावर.

मग मार्ग निघाला, इथं निघतोच:
वीस हजारांची ठेव ठेवा,
तिच्यावर अठरा हजारांचं कार्ड घ्या,
थोडं खर्चा, वेळेत फेडा.
म्हणजे आपलेच पैसे आपणच उसने घ्यायचे
आणि परत करून दाखवायचे.
हसू आलं. ऐपत या शब्दात पत असते,
हे मला माझगावच्या वाण्याच्या दारात सुचलं,
पोहे, गूळ, दोन नारळ, खजूर घेऊन
पहिल्यांदा कार्ड घासताना.
मलिद्याचं सामान. एलियाहू हन्नबीला नवस होता,
फ्रिजचा नव्हे, दुसरा.

सहा महिन्यांनी नवा अहवाल.
नाव शिफ्रा. स्कोअर सातशे बारा.
महिन्यांच्या चौकोनांत तीन-तीन शून्यं,
शून्य दिवस उशीर, शून्य दिवस, शून्य.
मृण्मयीनं स्क्रीन यावेळी पूर्ण वळवला:
"एकदम स्वच्छ आहे, मॅडम. एक डाग नाही."

हो म्हटलं मी.
घरी येऊन फ्रिजचा दिवा बघत बसले थोडा वेळ,
दार उघडं टाकून, वीज जाळत.
ते चार दिवस
या देशात कुणाच्याच कागदावर नाहीत.
कपाटातून अकरा शेकेलची पावती काढली
आणि अहवालाला टाचणीनं लावून ठेवली,
मागच्या बाजूनं.